तेल भरलंय

बेसिम: रसेमा, त्याला सांग, दिवा जरा उजवीकडे धर.

रसेमा: मी नाही सांगणार.

बेसिम: रसेमा!

रसेमा: दादा, तुझा सख्खा भाऊ तुझ्यापासून हातभरावर उभा आहे. दिवा त्याच्या हातात आहे आणि कानही त्याचे त्यालाच आहेत. तू सांग.

शाचिर: ताई, तुझ्या भावाला विचार, उजवीकडे म्हणजे त्याच्या की माझ्या?

रसेमा: तुझाही निरोप नेणार नाही. आज सकाळपासून बंद. बुधवारी संध्याकाळी मी व्हॅनमध्ये बसले, की गुरुवारी काय करणार तुम्ही? दिवा उजवीकडे सरकवायला मला उल्मला फोन लावणार?

शाचिर: जर्मनीतले दिवे आपोआप सरकत असतील.

रसेमा: मी तिथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालायला चाललेय, दिवे बघायला नाही.

बेसिम: दिवा.

रसेमा: बघ, सरकवला त्याने. हवेत बोललास, पण बोललास.

शाचिर: हवेलाही बरं वाटलं असेल. कधी नव्हे ते तिची विचारपूस झाली.

रसेमा: तू गप्प रहा. कॉफी घ्या दोघांनी, निवतेय. साखरेचे खडे बशीत आहेत.

बेसिम: हात तेलकट आहेत.

रसेमा: मग तोंड उघड. हं. आता घोट घे. लहानपणी तू मला असंच भरवायचास.

बेसिम: तुझा गाल अजून सुजलेला आहे.

रसेमा: कालच तर काढला दात. झेनित्साला त्या बाईने अर्धा तास ओढला, मुळं सगळी वाकडी निघाली. तिकडे गेल्यावर दुखला असता तर परवडला नसता, म्हणून इथेच काढून टाकला.

शाचिर: काल रात्री आलीस तेव्हा तोंडात बोळा होता. मी काहीतरी सांगायला गेलो तर हातानेच 'जा' म्हणालीस.

रसेमा: बोलताच येत नव्हतं मला. तुम्हा दोघांमध्ये एक दिवस मी मुकी होते, आणि काही आभाळ कोसळलं नाही. म्हणून तर सकाळी ठरवलं, आता निरोप बंद.

बेसिम: सतराचा पाना.

रसेमा: हा मला म्हणतोयस ना? घे.

बेसिम: पुढच्या स्प्रिंगा जास्त जाडीच्या घातल्यात. हे इंजिन जुन्यापेक्षा जड आहे. आधीच्या स्प्रिंगांवर गाडीचं नाक रस्त्याला टेकलं असतं.

रसेमा: हे मला सांगतोयस की त्याला?

बेसिम: गाडीला.

शाचिर: मग ताई, गाडीला माझंही ऐकू दे. वायरी सगळ्या लागल्यात. वितेझ गावच्या भंगारातून इंजिनासोबत वायरींचा हा एवढा गुंता आला होता. त्यातल्या निम्म्या इथे लागतच नाहीत. एकेक तपासून वेगळी केली. चोरापासून राखणारी ती कडी होती ना, दुसरी चावी लावली की इंजिन बंद पाडणारी, तीही काढून टाकलीय. आता कुठल्याही चावीने सुरू होईल.

रसेमा: आणि कुणी चोरली तर?

शाचिर: ही जुनी गोल्फ गाडी? अगं, बोस्नियात ज्याला चोरायचीय त्याच्या दारात अशीच एक उभी असते. आणि निम्म्यांच्या पोटात हेच डिझेल.

रसेमा: शेजारचा झियाद म्हणत होता, म्हाताऱ्या गाढवाला बैलाचं काळीज बसवताय.

बेसिम: झियादला काय कळतंय. मशिदीच्या वरचा चढ आहे ना, तो बाबांच्या पेट्रोल इंजिनाने पहिल्या गिअरवर रडत चढायचा. ही तिसऱ्यावर चढेल. आई मागे, तिची चाकांची खुर्ची डिकीत, आणि बर्फाच्या साखळ्या लावलेल्या, तरी चढेल. निम्म्या डिझेलात.

रसेमा: चढली पाहिजे रे. झियाद शुक्रवारी जातोय, गाडीसकट. बायको-मुलं आधीच ल्युब्लियानाला गेलीत, आता कुत्राही घेऊन चाललाय. शुक्रवारी आईला डायलिसिसला तो शेवटचा नेणार. पुढच्या सोमवारी खाली ट्राव्निकला तिला न्यायला या डोंगरावर एकही गाडी नाही. तुझा ट्रॅक्टर सोडला तर.

शाचिर: ट्रॅक्टरचं नाव काढू नकोस.

रसेमा: नाही काढत.

बेसिम: कशाला काढतेस मग.

रसेमा: मी काय म्हणते ते नीट ऐका. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी दादा नेईल, दुपारी शाचिर पाळी संपवून तिथून आणेल. चावी दाराजवळच्या खिळ्यावर. एवढ्यापुरतं तुम्हाला बोलायचीही गरज नाही, मी तसंच बसवलंय सगळं. पण जिना? खुर्ची उचलायला दोघं लागतात. एक वर, एक खाली. आत्तापर्यंत मी आणि झियाद होतो. आणि खालच्याला वरच्याने सांगावं लागतं, थांब, वळण आलं, पायरी आली.

बेसिम: काल नेली ना आम्ही.

रसेमा: परवा नेलीत. मीच म्हटलं होतं, एकदा माझ्यासमोर करून दाखवा. वळणावर तू थांबलास. त्याला कळलं नाही, तो खाली उतरत राहिला. खुर्ची तिरकी झाली. आईने कठडा धरला. तिची बोटं पाहिली मी.

शाचिर: तो थांबतोय हे मला कसं कळणार? मागे डोळे आहेत का मला?

रसेमा: तोंड आहे ना त्याला!

बेसिम: पुढच्या वेळी खोकेन मी.

रसेमा: खोकशील?

बेसिम: थांबायचं असलं की खोकेन.

शाचिर: बघ ताई. प्रगती आहे. थंडीत तो दिवसभर खोकतो, आई जिन्यातच राहील.

रसेमा: हसू येतंय आणि गाल दुखतोय. नका रे. खरं सांगू? मी दोन वर्षं त्या वर्गात जाऊन जर्मन शिकले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पोरींच्या बाकावर बसून. तिकडून पत्र आलं, करार आला, सगळं आलं. तरी मी बॅग भरली नव्हती. जूनमध्ये तुम्ही हे इंजिन मिळून या गाडीत उतरवलंत, म्हणजे मिळून नाही, सकाळी दादाने साखळी लावली आणि संध्याकाळी तू उतरवलंस, त्या दिवशी मी बॅग काढली माळ्यावरून. म्हटलं, यांना निदान एका गाडीची काळजी आहे. आज ही सुरू झाली तर मी जाणार. नाही झाली तर नाही.

शाचिर: होईल ताई.

बेसिम: होईल.

रसेमा: दोघं एकच बोललात. मला ऐकू आलं बरं का.

बेसिम: तेल मोजायच्या पट्टीची नळी मोडलीय. जुनं प्लास्टिक, हात लावला तर बिस्किटासारखा चुरा झाला. नवी लागेल.

शाचिर: ताई, मंगळवारी आणेन म्हणावं. ट्राव्निकला त्या दुकानात आहे.

रसेमा: मी काहीच म्हणणार नाही.

बेसिम: आज नळीशिवाय चालेल. बोळा कोंबलाय तिच्या तोंडात. इथे गॅरेजातच चार मिनिटं तर चालवायची आहे. तेल भरलंय.

शाचिर: माहीत आहे.

रसेमा: अगं बाई! हे काय ऐकतेय मी? एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने उत्तर दिलं. मध्ये मी नाही.

बेसिम: नाचू नकोस. पाणी पण भरलंय. पाणी म्हणजे अँटिफ्रीझ, थंडीत न गोठणारं. मी स्वतः भरलंय. या वेळी मी कुणावर सोडलेलं नाही.

शाचिर: ताई, त्याला विचार, 'या वेळी' म्हणजे काय?

रसेमा: शाचिर, नको.

शाचिर: नाही, विचार. त्या वर्षी मी ऑगस्टमध्ये पाणी घातलं, कारण नळी फुटली होती आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. आणि मी सांगितलं होतं, थंडीआधी हे काढून अँटिफ्रीझ घाला. डबासुद्धा आणून इथे ठेवला होता, या फळीवर.

बेसिम: मला सांगितलं नव्हतं.

शाचिर: बाबांना सांगितलं होतं!

बेसिम: बाबांना. ज्यांना डोक्यावरचा आपला चष्मा सापडत नव्हता, त्यांना.

शाचिर: मग तू गाडीवाला ना! एवढी वर्षं डेपोत बसगाड्या उघडल्यास, रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं असतंस.

बेसिम: फळीवर डबा नव्हता म्हणून मी समजलो, घातलं.

शाचिर: डबा झियादने नेला होता, त्याच्या गाडीला!

रसेमा: पुरे! दोघंही माझ्याकडे बघून ओरडताय. मी पाणी घातलं नाही की काही घालायला विसरले नाही. जुनं इंजिन बाहेर काढलं तेव्हा मीही ती चीर बघितली. पाण्याचा बर्फ झाला, तो फुगला, आणि लोखंड फुटलं. त्यात कुणाचा स्वभाव नाही, कुणाचा गुन्हा नाही. एवढं तर आठवीत शिकवतात.

बेसिम: बाबा त्या रात्री सुरू करा म्हणत होते. अर्धं तोंड वाकडं झालेलं, तरी म्हणत होते, गाडी सुरू करा.

रसेमा: हो.

बेसिम: मी ट्रॅक्टरवर नेलं. गोधडीत गुंडाळून.

शाचिर: आणि मी मागे ट्रॉलीत त्यांचं डोकं धरून बसलो होतो. ते पण सांग ना.

रसेमा: माहीत आहे मला. तुर्बेच्या वळणापर्यंत, तिथेच बाबा गेले. सगळ्यांना माहीत आहे. आता हे इंजिन सुरू करा, दोघांना हात जोडते.

बेसिम: डिझेल वर यायला पाहिजे आधी. पंप कोरडा आहे. नळ्यांचे नट ढिले केलेत. चावी फिरवायची, थोडी थोडी, डिझेल दिसेपर्यंत.

शाचिर: मी गाडीत बसतो.

रसेमा: बस. मी इथे दारात उभी राहते, दोघं दिसता. आणि दादा, ती फळी कसली? अरे, ती आईची पीठ लाटायची फळी आहे!

बेसिम: सपाट आहे. डिझेल पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडापाशी फळी ठेवायची. डेपोत ठेवायचो आम्ही. इंजिनाला कधी वेड लागलं, चावी काढूनही थांबेना, तर त्याचा श्वास कोंडायला.

रसेमा: लागतं?

बेसिम: माझ्या हयातीत दोनदा पाहिलं. नाही लागत.

रसेमा: मग पिठाच्या फळीला तेल लावू नकोस. बुधवारी मी जायच्या आधी आई स्वतः पिटाची पातळ पोळी लाटणार म्हणतेय. पालकाची. बसून लाटणार, पण लाटणार.

बेसिम: फिरव.

शाचिर: फिरवतोय.

बेसिम: थांब. परत.

शाचिर: परत.

रसेमा: मी काही बोलत नाहीये. मी श्वाससुद्धा घेत नाहीये.

बेसिम: आलं. पहिल्या नळीला आलं. दुसऱ्या. थांब, आवळतो. तिसऱ्या. फडकं.

रसेमा: घे.

बेसिम: झालं. आता हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग फिरवायची.

शाचिर: दिवा पेटला. हा विझला. फिरवू?

रसेमा: बिस्मिल्ला म्हण.

शाचिर: बिस्मिल्ला.

बेसिम: धरून ठेव. धर. धर.

शाचिर: खोकतेय.

बेसिम: खोकू दे. हवा आहे आत. सोडू नको.

शाचिर: लागली! ताई, लागली!

रसेमा: आई! आई, ऐकलंस का गं वर? बाबांची गाडी! ऐक, काठी आपटतेय ती, ऐकलं तिने! अरे, काय आवाज आहे!

बेसिम: पाय काढायला पाहिजे आता.

शाचिर: पाय नाहीये माझा.

रसेमा: केवढा जोर आहे रे हिला.

बेसिम: वाढतंय. रेस कोण देतंय?

शाचिर: ताई, सांग त्याला, माझा पाय खाली जमिनीवर आहे!

बेसिम: बंद करायला सांग!

शाचिर: बंद केली! काढली चावी! ही बघ, चावी माझ्या हातात आहे!

रसेमा: हातात आहे, दादा! मग चालू कशी आहे?

बेसिम: धूर बघ. पांढरा. आपलंच तेल पितंय. डिझेल नकोच आहे त्याला आता. सरक, फळी दे!

रसेमा: दादा, हात!

बेसिम: धरलीय. ओढतंय केवढं. अरे, नळीचं रबर फाटलं! मागून हवा घेतंय! रसेमा, त्याला सांग, पाचवा गिअर टाक, ब्रेक दाबून धर आणि क्लच सोड, बंद पडेल!

रसेमा: तू सांग!

बेसिम: सांग त्याला!

रसेमा: तूच सांग, दादा! तुझ्यासमोर बसलाय तो!

शाचिर: काय? काय म्हणतोय? ताई, काही ऐकू येत नाहीये!

बेसिम: रसेमा!

रसेमा: नाव घे त्याचं! एकदा नाव घे!

बेसिम: शाचिर! शाचिर, गिअर—

(एकच मोठा आवाज झाला, आणि इंजिन बंद पडलं. धूर दारातून बाहेर जाऊ लागला. वरून काठीचे ठोके येत राहिले.)

रसेमा: काही नाही, आई! काही झालं नाही! सगळे ठीक आहेत!

शाचिर: मी गिअरला हात लावला होता. लावलाच होता.

बेसिम: दिवा आण.

शाचिर: हा.

बेसिम: खाली धर. इथे, मागच्या बाजूला.

शाचिर: ते काय बाहेर आलंय?

बेसिम: दांडा. पिस्टनचा. तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आलाय.

शाचिर: मूठ जाईल एवढं भोक आहे.

बेसिम: हात घालू नको. तापलेलं आहे.

शाचिर: नाही घालत. नवा ब्लॉक?

बेसिम: ब्लॉक, दांडे, टर्बो. सगळंच. हे आता भंगारवाल्यालाही वजनावारी.

शाचिर: जमीन बघ. एवढं तेल कसं आलं?

बेसिम: सगळं सांडलंय.

शाचिर: सगळं म्हणजे किती? एवढं धुरातून गेलं, नळीत गेलं, भिंतीवर उडालंय. आणि तरी हे इथे तळं आहे. हे साडेचार लिटर नाहीये.

बेसिम: साडेचारच घातलं मी. मोजून.

शाचिर: कुणी घातलं?

बेसिम: मी. आज सकाळी.

शाचिर: तू कशाला घातलंस?

बेसिम: कशाला म्हणजे? कोरडं होतं.

शाचिर: कोरडं कसं असेल? मी काल संध्याकाळी घातलं. कामावरून येताना नवीन डबा आणला होता.

बेसिम: डबा कुठे आहे?

शाचिर: माझ्या घरी नेला. करवतीच्या तेलाला लागतो.

बेसिम: मी डेपोतून आणलेल्या जुन्या पिंपातलं घातलं. झाकणापाशी ओल दिसली मला. वाटलं, भंगारातली असेल.

शाचिर: तू म्हणालास, तेल भरलंय.

बेसिम: तू म्हणालास, माहीत आहे.

शाचिर: माहीतच होतं! मीच भरलं होतं!

बेसिम: पट्टी असती तर दिसलं असतं.

शाचिर: मी काल ताईला सांगायला गेलो होतो. दारात उभा राहून म्हणालो, ताई, त्याला सांग, तेल...

रसेमा: मी हाताने 'जा' म्हणाले.

शाचिर: तुझ्या तोंडात बोळा होता.

रसेमा: हो.

बेसिम: दुप्पट तेल. दांडे त्यात आपटत राहिले, फेस झाला, फेस वर चढून हवेच्या वाटेने आत गेला. ते जळायला लागलं की चावीचा काय संबंध.

रसेमा: मी निरोप दिला असता तर थांबलं असतं का? शेवटचा. गिअरचा.

बेसिम: नाही.

रसेमा: खरं सांग, दादा.

बेसिम: माहीत नाही. थांबलंही असतं.

शाचिर: ताई, तुझा काय दोष त्यात? यानेच तोंड उघडलं असतं तर!

बेसिम: मी? आणि यानेच डबा इथे ठेवला असता तर? डबा दिसत नाही म्हणून सगळं होतं याच्या बाबतीत! तेव्हाही डबा नव्हता!

शाचिर: तेव्हा झियादने नेला होता, कितीदा सांगू!

बेसिम: आणि आज कुणी नेला?

रसेमा: त्या थंडीत दोघांनीही घातलं नाही. आज दोघांनीही घातलं.

शाचिर: ताई...

रसेमा: मी भांडत नाहीये. मी फक्त बघतेय. एवढी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही एकदा एकमेकांशी बोललात की सगळं सुटेल. आत्ता बोललात. मी मध्ये एक शब्द घातला नाही. मोजलं नाही, पण बरंच बोललात.

शाचिर: कुठे चाललीस?

रसेमा: कुठे नाही. फोन इथेच खिशात आहे. हॅलो, मुआमेर? रसेमा बोलतेय, वरच्या गावची. हो, बुधवारची व्हॅनमधली जागा. खिडकीजवळची. ती दुसऱ्या कुणाला दे. नाही, पुढच्या बुधवारीही नको. नाही रे, आई बरी आहे. सगळे बरे आहेत. तिकडच्यांना काय, माझ्या जागी दुसरी कुणी मिळेल. बरं. तुझ्या आईला सलाम सांग.

शाचिर: ताई, थांब ना. फोन परत लाव. दुसरं इंजिन मिळेल. वितेझला अजून दोन उभ्या आहेत. मी उद्याच सुट्टी टाकतो.

बेसिम: त्याला सांग, इंजिन मिळायला महिना, बसवायला दोन. तोवर बर्फ पडलेला असेल.

रसेमा: दादा, तू आत्ता त्याच्याशी बोलत होतास.

बेसिम: सांग त्याला.

शाचिर: मग बर्फात काय करायचं म्हणावं? आईला खांद्यावर न्यायचं?

रसेमा: शुक्रवारनंतर दूधवाल्याला विचारेन. तो खाली जातो सकाळी. परतीचं बघू. नाही तर ट्राव्निकला एक खोली मिळते का बघेन, तिची आणि माझी. काहीतरी होईल. नाही झालं तर... होईल काहीतरी. ही फळी द्या इकडे. चीर गेलीय हिला. धुतली तर वास जाईल?

बेसिम: नाही जाणार.

रसेमा: तरी धुते.

शाचिर: ताई, त्याचा हात बघ. उजवा. फळी धरली तेव्हा भाजलाय. कातडी पांढरी पडलीय, आणि तो खिशात घालून उभा आहे.

रसेमा: दाखव, दादा.

बेसिम: काही नाही.

शाचिर: सांग त्याला, नळाखाली धर. गार पाण्याखाली, बराच वेळ. तेल-बिल काही लावू नको म्हणावं.

रसेमा: तो ऐकतोय, शाचिर.

शाचिर: सांग ना, ताई.

रसेमा: दादा, शाचिर म्हणतोय, हात गार पाण्याखाली धर. बराच वेळ.

बेसिम: त्याला सांग, धरतो.

रसेमा: शाचिर, दादा म्हणतोय, धरतो.